गृहरचना आरेखनासाठी संगणक-प्रणालींचा वापर : गोंडपिपरी परिसरातील घरबांधणीच्या संदर्भात

सारांश :

घराचा नकाशा संगणकावर काढण्याची सोय आज ग्रामीण भागातही उपलब्ध झाली आहे. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक संगणक-प्रणाली परदेशात तयार झालेल्या असल्याने त्यांतील पूर्वनिश्चित मापे, साहित्य व हवामान हे त्या त्या देशांचे असते. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरीसारख्या उष्ण व वनव्याप्त तालुक्यात अशी प्रणाली वापरताना स्थानिक मापे व गरजा आधी निश्चित केल्या नाहीत, तर नकाशा दिसावयास नेटका परंतु बांधावयास चुकीचा ठरतो. प्रस्तुत लेखात जागेच्या मोजणीपासून छापील नकाशापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर घ्यावयाच्या दक्षतेचे सोदाहरण विवेचन केले आहे.

बीजशब्द : गृहरचना, आरेखन, संगणक-प्रणाली, घरकुल, मोजमाप, प्रमाण, छपरी.

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी निवारा ही अशी गरज आहे की, सामान्य कुटुंब तिच्यासाठी आयुष्यात बहुधा एकदाच खर्च करते. भिंत एकदा उभी राहिली की ती हलविता येत नाही. म्हणूनच घर बांधण्यापूर्वी ते कागदावर बांधून पाहणे आवश्यक ठरते. पूर्वी हे काम आरेखक फळा, टी-स्क्वेअर व शाईच्या साहाय्याने करीत असे. खेड्यात तर गवंडी जमिनीवर काठीने रेघा ओढून घराची मांडणी ठरवीत असे.

संगणकावरील आरेखनाचा आरंभ १९६३ मध्ये झाला असे मानले जाते. त्या वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली आपल्या प्रबंधाद्वारे सादर केली. पुढे १९८२ मध्ये ऑटोडेस्क या कंपनीने ‘ऑटोकॅड’ बाजारात आणले आणि वैयक्तिक संगणकावर नकाशे काढणे शक्य झाले. २००० मध्ये ‘स्केचअप’, तर २००६ मध्ये ‘स्वीट होम थ्रीडी’ या प्रणाली आल्या. ‘लिब्रेकॅड’ व ‘फ्रीकॅड’ यांसारख्या विनामूल्य व मुक्त प्रणालीही आता उपलब्ध आहेत. त्यामुळे आरेखन हे केवळ मोठ्या शहरांतील वास्तुशास्त्रज्ञांचे क्षेत्र राहिलेले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला युवक आपल्या गावातच नकाशा तयार करू शकतो.

परंतु साधन हाती येणे आणि ते साधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणक दिलेले माप मिलिमीटरच्याही अंशापर्यंत अचूक दाखवितो. ते माप खरे आहे किंवा नाही, हे मात्र तो सांगू शकत नाही. अचूकता आणि सत्यता यांतील हा भेद लक्षात न घेतल्यास होणारे नुकसान मोठे असते.

विषयाचे स्थानिक महत्त्व :

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील तालुका होय. वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या संगमातून प्राणहिता नदी उगम पावते, त्या परिसराला लागूनच हा प्रदेश आहे. येथे उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते, तर पावसाळ्यात सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. धान, कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके असल्याने घर हे केवळ राहण्याचे नव्हे, तर धान्य साठविण्याचे, अवजारे ठेवण्याचे व जनावरे बांधण्याचेही स्थान असते. मातीच्या जाड भिंती, कवेलूचे छप्पर, समोर छपरी, मागे सांदवाडी ही येथील घराची परंपरागत रचना आहे. या रचनेमागे अनेक पिढ्यांचा हवामानाचा अनुभव उभा आहे.

दुसरीकडे, १ एप्रिल २०१६ पासून इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना होऊन प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अमलात आली. या योजनेने घराचे किमान क्षेत्रफळ २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर केले असून त्यात स्वयंपाकाच्या स्वतंत्र जागेचा समावेश आहे. सपाट प्रदेशासाठी १ लक्ष २० हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम क्षेत्रासाठी १ लक्ष ३० हजार रुपये असे केंद्रीय योजनेतील साहाय्य आहे. एवढ्या मर्यादित रकमेत व एवढ्याच जागेत चार-पाच माणसांच्या कुटुंबाने संसार मांडावयाचा असतो. अशा घरात एक फूट जागा वाया जाणे म्हणजे एका खाटेची जागा जाणे होय. म्हणून लहान घराच्या नकाशाला मोठ्या बंगल्याच्या नकाशापेक्षा अधिक काळजी आवश्यक आहे.

१. संगणकापूर्वी जागेची मोजणी :

नकाशाचा आरंभ संगणकावर नव्हे, तर जागेवर होतो. गावठाणातील भूखंड क्वचितच काटकोनात असतात. कागदपत्रात ‘३० फूट × २० फूट’ असे लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात कोपरा गुण्यात असेलच असे नाही. म्हणून चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजणे अत्यावश्यक आहे. ३० व २० फूट बाजूंचा आयत काटकोनात असेल, तर त्याचे दोन्ही कर्ण सुमारे ३६ फूट १ इंच भरतात. समजा एक कर्ण ३७ फूट व दुसरा सुमारे ३५ फूट १ इंच भरला, तर भूखंड तिरका आहे हे सिद्ध होते. त्या स्थितीत २० फुटांच्या बाजूचे एक टोक सुमारे १ फूट २ इंच सरकलेले असते. हे न पाहता संगणकावर सरळ आयत काढला, तर नवी भिंत शेजाऱ्याच्या जागेत शिरते आणि वादाचा पाया घराच्या पायासोबतच घातला जातो.

असा तिरका भूखंड संगणकावर काढण्याची पद्धत सोपी आहे. प्रथम एक बाजू रेषेने काढावी. तिच्या एका टोकावरून शेजारच्या बाजूएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ आणि दुसऱ्या टोकावरून कर्णाएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे. दोन वर्तुळे जेथे छेदतात तो तिसरा कोपरा होय. त्याच रीतीने चौथा कोपरा मिळतो. उरलेली बाजू मोजलेल्या मापाशी जुळली, तर मोजणी बरोबर आहे असे समजावे. न जुळल्यास पुन्हा जागेवर जावे. २४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेअंतर्गत गावठाणांचे ड्रोनद्वारे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. जेथे अशी पत्रिका मिळालेली आहे, तेथे तिच्यावरील सीमा व फितीने घेतलेली मापे यांचा मेळ आधीच घालावा.

मोजणीच्या वेळीच उत्तर दिशा, विहीर किंवा हातपंप, झाडे, विजेचा खांब, रस्त्याची पातळी आणि पावसाच्या पाण्याचा उतार यांची नोंद करावी. होकायंत्र किंवा मोबाइलमधील दिशादर्शक लोखंडी पत्रे व सळया यांच्याजवळ चुकीची दिशा दाखवितो. म्हणून मोकळ्या जागी उभे राहून दिशा घ्यावी.

२. एकक व पूर्वनिश्चित मापे :

प्रणाली उघडल्यानंतर पहिली रेषा काढण्यापूर्वी एकक निश्चित करावे. शासकीय कार्यालये मीटरमध्ये मापे मागतात, तर गवंडी फूट-इंचांत काम करतो. दोन्ही पद्धतींची सरमिसळ हे चुकांचे मोठे उगमस्थान आहे. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, त्यानुसार २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट होतात. विशेषतः दशांश फूट व इंच यांतील फरक ध्यानात ठेवावा. १०.६ फूट म्हणजे १० फूट ६ इंच नव्हे, तर १० फूट ७ इंचांहून किंचित अधिक होय, आणि ९.५ फूट म्हणजे ९ फूट ६ इंच, ९ फूट ५ इंच नव्हे. संपूर्ण नकाशा एकाच एककात काढून शेवटी गवंड्यासाठी दुसऱ्या एककातील प्रत स्वतंत्रपणे तयार करणे श्रेयस्कर ठरते.

यानंतर प्रणालीतील पूर्वनिश्चित मापे बदलावीत. उदाहरणार्थ, स्वीट होम थ्रीडी या प्रणालीत नव्या भिंतीची जाडी सामान्यतः ७.५ सेंटिमीटर व उंची २५० सेंटिमीटर अशी आधीच भरलेली असते. ही जाडी पाश्चात्त्य देशांतील हलक्या आतील भिंतींना शोभणारी आहे. आपल्याकडे विटांची बाहेरील भिंत ९ इंच, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर, आणि आतील आडभिंत साडेचार इंच, म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटर जाडीची असते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी. गोंडपिपरीच्या उन्हाळ्यात तर कमी उंचीची खोली पत्र्याखाली भट्टीप्रमाणे तापते. ही मापे न बदलता काढलेला नकाशा मुळातच दुसऱ्या हवामानातील घराचा नकाशा असतो.

३. भिंतीच्या जाडीचा हिशोब :

नवशिके आरेखक भिंत एकेरी रेषेने दाखवितात. या सवयीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बाहेरून ६.२५ मीटर × ४.०० मीटर मापाचे घर घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ बरोबर २५ चौरस मीटर भरते. परंतु चारही बाजूंनी २३० मिलिमीटर जाडीची भिंत धरल्यास आतील माप ५.७९ मीटर × ३.५४ मीटर उरते, म्हणजे सुमारे २०.५ चौरस मीटर. साडेचार चौरस मीटर, अर्थात एकूण जागेच्या १८ टक्के भाग, भिंतींनी व्यापला. राष्ट्रीय इमारत संहितेने स्वयंपाकघरासाठी ५ चौरस मीटर हे किमान क्षेत्र सांगितले आहे. म्हणजे एकेरी रेषेच्या नकाशात जवळजवळ एक स्वयंपाकघर केवळ कागदावरच असते.

याच घरात ११५ मिलिमीटरची एक आडभिंत घातली व मुख्य खोलीची लांबी २.७० मीटर ठेवली, तर तिचे क्षेत्र सुमारे ९.५ चौरस मीटर होते. राहण्याच्या खोलीसाठी संहितेतील किमान क्षेत्र तेवढेच आहे. उर्वरित भाग सुमारे साडेदहा चौरस मीटर राहतो. त्यात स्वयंपाकघर व धान्याची कोठी बसते, परंतु दुसरी पूर्ण खोली बसत नाही. ही वस्तुस्थिती पाया खणण्यापूर्वी कुटुंबास समजणे, हाच नकाशाचा खरा उपयोग होय. घरकुलाचे क्षेत्रफळ आतून मोजावयाचे की बाहेरून, हे पंचायत समितीच्या अभियंत्याकडून आधीच निश्चित करून घ्यावे. दुहेरी भिंतीसाठी ऑटोकॅड व लिब्रेकॅडमध्ये समांतर रेषा देणारी ‘ऑफसेट’ ही आज्ञा वापरावी. बाहेरील रेषा काढून ती २३० मिलिमीटरने आत घेतली की भिंत तयार होते.

४. खऱ्या आकारात आरेखन व स्तरांची विभागणी :

संगणकावर नकाशा नेहमी प्रत्यक्ष आकारात काढावा; लहान-मोठे प्रमाण केवळ छापताना द्यावे. रेषेची टोके एकमेकांना तंतोतंत जुळण्यासाठी ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ सुरू ठेवावे. डोळ्यांच्या अंदाजाने जुळविलेली टोके पडद्यावर जुळलेली दिसतात, पण मोठी करून पाहिल्यास त्यांत फट आढळते आणि क्षेत्रफळ काढताना प्रणाली अडखळते.

भिंती, दारे-खिडक्या, मापे, लेखन, वीज, पाणी व सांडपाणी यांसाठी स्वतंत्र ‘लेअर’, म्हणजे स्तर ठेवावेत. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तशी ही व्यवस्था असते. गवंड्यास भिंती व मापे पुरेशी असतात, तर वायरमनला दिव्यांची व बटणांची जागा हवी असते. स्तर वेगळे असल्यास एकाच नकाशातून प्रत्येकास हवा तेवढाच भाग छापून देता येतो.

मापे देताना प्रणालीने मोजलेला आकडा पुसून त्या जागी हाताने दुसरा आकडा लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तसे केल्यास रेषा एक सांगते व आकडा दुसरे. पुढे कोणी त्याच नकाशात बदल केल्यास ही चूक शोधणे अशक्यप्राय होते. माप चुकले असेल तर रेषा दुरुस्त करावी, आकडा आपोआप बदलतो.

५. स्थानिक वस्तूंची चिन्हे :

गृहरचनेच्या प्रणालींमध्ये सोफा, बाथटब, भांडी धुण्याचे यंत्र यांची तयार चित्रे असतात. खाट, चूल, धान्याची कोठी, पोत्यांची थप्पी, देवघर, पाण्याचा रांजण, सरपणाचा ढीग यांची चित्रे सहसा नसतात. तयार चित्रांनी खोली भरली की नकाशा शोभिवंत दिसतो. परंतु कुटुंबाच्या ज्या वस्तू तेथे खरोखर राहणार आहेत, त्यांना जागा मिळाली किंवा नाही हे कळत नाही.

यावर उपाय म्हणजे घरातील वस्तू फितीने मोजून त्यांची स्वतःची चिन्हे, म्हणजे ‘ब्लॉक’, तयार करणे. साडेसहा फूट × तीन फुटांची खाट, सुमारे ३२ सेंटिमीटर व्यासाचा गॅस सिलिंडर, सुमारे दोन मीटर लांबीची मोटारसायकल अशी चिन्हे एकदा तयार केली की ती प्रत्येक नकाशात वापरता येतात. धानाच्या हंगामात पोती कोठे रचली जातील, हा प्रश्न घरातील स्त्रियांना विचारून त्यांची थप्पी नकाशात काढावी. पुष्कळदा या एका चिन्हामुळे दाराची जागा बदलावी लागते. दार कोणत्या बाजूस उघडते ते पाव वर्तुळाने दाखविणेही आवश्यक आहे. खाटेवर आदळणारे दार नकाशातच दिसून येते.

शौचालयाची जागा ठरवितानाही स्थानिक परिस्थिती विचारात घ्यावी. वाघ व बिबट यांचा वावर असलेल्या या तालुक्यात अंगणाच्या टोकाला, अंधाऱ्या बाजूस ठेवलेले शौचालय रात्री वापरण्यास धोक्याचे असते. ते घराला लागून व छपरीतूनच जाता येईल असे ठेवणे, आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर दाखविणे इष्ट होय.

६. ऊन, सावली व अक्षांश :

स्केचअप व स्वीट होम थ्रीडी यांसारख्या प्रणालींत विशिष्ट दिवशी व वेळी घरावर पडणारे ऊन पाहता येते. येथील घरांच्या दृष्टीने ही सर्वांत उपयुक्त सोय आहे. परंतु तिचा लाभ घेण्यासाठी स्थळ बदलावे लागते. स्केचअपमध्ये मूळ स्थळ म्हणून अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील बोल्डर हे गाव दिलेले असते. त्याचा अक्षांश सुमारे ४० अंश आहे, तर गोंडपिपरीचा सुमारे १९.६ अंश उत्तर. बोल्डरमध्ये मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो. गोंडपिपरीत मात्र मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत किंचित उत्तरेकडे राहतो. स्थळ न बदलता पाहिलेली सावली त्यामुळे निरुपयोगी ठरते.

योग्य अक्षांश दिल्यावर जे चित्र दिसते ते बोधप्रद आहे. विषुवदिनी मध्यान्ही येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ७० अंशांवर असतो. त्या वेळी दक्षिण भिंतीवरील ४५ सेंटिमीटर रुंदीचा छज्जा सुमारे सव्वा मीटर उंचीपर्यंत सावली देतो, म्हणजे साधारण खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य सुमारे ४७ अंशांपर्यंतच चढत असल्याने हवेहवेसे ऊन आत येते. परंतु पश्चिमेची गोष्ट वेगळी आहे. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य सुमारे ३४ अंशांवर उतरलेला असतो आणि तोच ४५ सेंटिमीटरचा छज्जा जेमतेम ३० सेंटिमीटर सावली देतो. याचा अर्थ पश्चिमेच्या उन्हाला छज्जा पुरत नाही. तेथे छपरी, वेलीचा मांडव किंवा झाड हवे, अथवा त्या बाजूस खिडकी न ठेवता कोठी ठेवावी. जुन्या घरांतील रुंद छपरी हा मागासलेपणाचा अवशेष नसून उन्हाचा नेमका हिशोब होता, हे संगणकच दाखवून देतो.

७. उभा छेद व पाण्याची पातळी :

केवळ वरून दिसणारा आराखडा काढून थांबणे ही आणखी एक सामान्य उणीव होय. प्रत्येक नकाशाबरोबर किमान एक उभा छेद असावा. त्यात जमीन, रस्ता, जोते, खिडकीचा तळ, लिंटेल व छप्पर यांच्या पातळ्या दाखवाव्यात. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत पूर आला होता. अशा पुराचे पाणी नदीकाठच्या किंवा नाल्यालगतच्या घरात कोठपर्यंत चढले होते, ही खूण गावकऱ्यांना ठाऊक असते. ती खूण छेदात आडव्या रेषेने दाखवून जोते तिच्या वर ठेवावे. रस्ता दरवेळी नव्या थराने उंच होत जातो, हेही विसरू नये.

कवेलूच्या छपराची उंचीही छेदातूनच समजते. चार मीटर रुंदीच्या घरावर दोनास एक असा उतार ठेवल्यास आढे भिंतीच्या माथ्यापेक्षा एक मीटर उंच जाते. हा हिशोब आधी झाल्यास लाकूड किंवा बांबू किती लांबीचा आणावा, हे निश्चित होते.

पाया मात्र या प्रणालींच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती किती खोल आहे हे संगणकास ठाऊक नसते. पाया, पिलर व स्लॅब यांतील लोखंडाचा निर्णय अभियंत्याकडूनच घ्यावा.

८. साहित्याचा अंदाज :

नकाशातून विटांची संख्या काढता येते. पण तेथेही मूळ माप महत्त्वाचे ठरते. भारतीय मानकानुसार मॉड्यूलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची असते व सांध्यासह एका घनमीटरमध्ये ५०० विटा बसतात. गावातील भट्टीची वीट या मापाची असेलच असे नाही. म्हणून दहा विटा एका रांगेत चिकटून ठेवून त्यांची लांबी, रुंदी व उंची मोजावी आणि दहाने भागून सरासरी माप घ्यावे. त्यात सांध्याची जाडी मिळवून संख्या काढावी व दारे-खिडक्यांचे क्षेत्र वजा करावे.

रचनेची पद्धतही पाहावी लागते. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात प्रचारात आणलेल्या ‘रॅट-ट्रॅप’ पद्धतीत विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडली जाते. भिंतीची जाडी ९ इंचच राहते, परंतु विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते. संगणकावरील नकाशात दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. फरक हिशोबात पडतो. त्यामुळे कोणती पद्धत योजली आहे याची लेखी टीप नकाशावर द्यावी.

९. देवनागरी लेखन, जतन व छपाई :

नकाशा जो वाचणार त्याच्या भाषेत असावा. ‘किचन’, ‘सिट-आउट’ यांऐवजी ‘स्वयंपाकघर’, ‘छपरी’, ‘कोठी’ असे लिहिल्यास कुटुंब व गवंडी दोघेही तो वाचू शकतात. ऑटोकॅडमधील जुन्या ‘एसएचएक्स’ प्रकारच्या अक्षरसंचांत देवनागरी नसते. तेथे अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ यांसारखा युनिकोड अक्षरसंच निवडावा व जोडाक्षरे नीट उमटतात याची खात्री करावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या अक्षरसंचात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो. म्हणून मूळ फाइलसोबत पीडीएफ प्रतही ठेवावी. दुसऱ्या प्रणालीत नेण्यासाठी ‘डीएक्सएफ’ हे स्वरूप सोयीचे असते.

वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी आपोआप जतन होण्याचा अवधी पाच मिनिटांवर आणावा. प्रत्येक बदलानंतर नव्या तारखेच्या नावाने प्रत ठेवावी व जुनी प्रत गवंड्याकडून परत घ्यावी. एकाच घराचे दोन नकाशे कामावर फिरू लागले की चूक अटळ असते. चोरून मिळविलेल्या प्रणालींतून संगणकात विषाणू शिरण्याची भीती असते. विनामूल्य प्रणाली उपलब्ध असताना तो मार्ग पत्करण्याचे कारण नाही.

छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडल्यास प्रमाण बिघडते. १:५० या प्रमाणात ६.२५ मीटरचे घर कागदावर १२.५ सेंटिमीटर लांब येते, म्हणजे ए-४ आकाराच्या कागदावर ते सहज मावते. छापील प्रत पट्टीने मोजून पाहावी. नकाशावर आकड्यांतील प्रमाणाखेरीज मापपट्टीही काढावी. झेरॉक्समध्ये किंवा मोबाइलवर नकाशा लहान-मोठा झाला तरी मापपट्टी त्याच प्रमाणात बदलते व नकाशा वाचता येतो. प्रत्येक माप आतून आहे की भिंतीच्या मध्यापासून, हेही स्पष्ट लिहावे.

१०. परवानगी व अंतिम पडताळणी :

गोंडपिपरी येथे नगरपंचायत असून राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार समास अंतरे, उंची व क्षेत्र यांचे नियम पाळावे लागतात. ग्रामपंचायत क्षेत्रातही आवश्यक त्या परवानगीची चौकशी आधी करावी. स्वतः काढलेला नकाशा हा विचारविनिमयासाठी असतो. परवानगीसाठीचा नकाशा परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीनेच सादर करावा.

नकाशा पूर्ण झाल्यावर त्याची परीक्षा जमिनीवर घ्यावी. चुन्याच्या फक्कीने प्रत्यक्ष आकारात भिंती आखाव्यात, खाट व पोती त्या रेषांत ठेवून पाहावीत आणि घरातील वृद्ध, स्त्रिया व मुले यांनी त्यातून चालून पाहावे. त्रिमितीय रंगीत चित्र मनास भुरळ घालते, परंतु खोली अरुंद आहे हे पायांना आधी कळते. जो बदल सुचेल तो त्याच दिवशी मूळ फाइलमध्ये करावा.

निष्कर्ष :

१) आरेखनाची संगणक-प्रणाली दिलेल्या मापाचा हिशोब अचूक करते, त्या मापाची सत्यता जागेवरील मोजणीवरच अवलंबून असते. दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय नकाशास आरंभ करू नये.

२) एकक, भिंतीची जाडी, खोलीची उंची व स्थळाचा अक्षांश या चार गोष्टी पहिल्या रेषेपूर्वी स्थानिक परिस्थितीनुसार बदलणे अनिवार्य आहे.

३) २५ चौरस मीटरच्या घरात भिंतींची जाडी निर्णायक ठरते. एकेरी रेषेच्या नकाशावर विसंबून खर्च करू नये.

४) छपरी, कोठी, सांदवाडी यांना नकाशात स्थान मिळाले, तरच तो नकाशा या परिसरातील घराचा ठरतो.

५) पाया, संरचना व परवानगी यांबाबत तज्ज्ञाचे मार्गदर्शन अपरिहार्य आहे.

गोंडपिपरीसारख्या तालुक्यात आरेखनाचे शिक्षण घेतलेल्या युवकांसाठी हे केवळ रोजगाराचे साधन नाही. गावातील एखाद्या कुटुंबाचे घरकुल मंजूर होते तेव्हा पाया खणण्यापूर्वी एक दिवस फिती, गुण्या व संगणक घेऊन त्यांच्यासोबत बसणारा माणूस त्या घराच्या पुढील अनेक उन्हाळ्यांचा ताप कमी करू शकतो. नकाशातील रेषा पुसण्यास क्षण पुरतो, भिंत पाडण्यास मात्र पुन्हा तेवढीच पुंजी लागते. ही पुंजी ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा येणार नाही, त्यांच्यासाठीच अचूक व खऱ्या नकाशाचे मोल सर्वाधिक आहे.